धर्मपत्र आणि पाटाचे पाणी

धर्माचार्यांनी पाऊसपाण्याविषयी बोलावे काय, असा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनही विचारला जातो. आत्मा, पाप आणि मोक्ष हे त्यांचे क्षेत्र. हवा, नदी आणि जमीन ह्यांची काळजी शास्त्रज्ञांनी व सरकारने वाहावी, अशी ह्या प्रश्नामागची समजूत असते. पोप फ्रान्सिस ह्यांचे २०१५ साली प्रसिद्ध झालेले 'लाउदातो सी' हे धर्मपत्र वाचताना ही समजूत किती तोकडी आहे हे आम्हांस जाणवले. पुढे वालचंदनगरच्या परिसरात, नीरेच्या डाव्या कालव्यावरील उसाच्या मळ्यांच्या सान्निध्यात, आम्ही ते दुसऱ्यांदा वाचले. तेव्हा त्याचे गुण अधिक उजळ दिसले, आणि त्यातील उणीवही लपून राहिली नाही. त्या दोहोंचा विचार वाचकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पत्र म्हटले तरी हा सहा प्रकरणांचा व २४६ परिच्छेदांचा ग्रंथच आहे. तो कॅथलिक पंथाच्या प्रमुखाने लिहिला असला तरी पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसास उद्देशून लिहिला आहे. त्याचे नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या एका स्तोत्रावरून घेतले आहे. तेराव्या शतकातील ह्या संताने ते स्तोत्र पंडितांच्या लॅटिनमध्ये न रचता आपल्या प्रांताच्या लोकभाषेत रचले. त्याच शतकाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, हे ज्यांस ठाऊक आहे त्या आपल्या वाचकांस ह्या निवडीचे मर्म सांगावयास नको. जे सर्वांचे आहे ते सर्वांच्या भाषेत बोलले पाहिजे, हा त्यातील भाव होय.

ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा की, पृथ्वीची दुर्दशा आणि दरिद्री माणसाची दुर्दशा हे दोन निराळे रोग नसून एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. हवामान ही सर्वांच्या मालकीची वस्तू आहे. परंतु ज्यांनी कोळसा व तेल जाळून ती बिघडविली त्यांच्यावर तिचा कोप प्रथम होत नाही. तो होतो पावसावर जगणाऱ्या कुणब्यावर, समुद्रकाठच्या कोळ्यावर आणि रानोमाळ कळप घेऊन हिंडणाऱ्या मेंढपाळावर. म्हणून श्रीमंत राष्ट्रे गरीब राष्ट्रांची ऋणको आहेत, असे पोप निर्भीडपणे लिहितात. पिण्यास शुद्ध पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असेही ते बजावतात. धुराचे हिशेब बाजारात विकत घेऊन कोणी आपले पाप धुऊ म्हणेल, तर त्या व्यवहाराकडे ते संशयाने पाहतात. इतक्या स्पष्ट शब्दांत इतक्या अधिकाराच्या जागेवरून हे बोलले जावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

ह्या ग्रंथास एक पूर्वपक्ष आहे, आणि त्याची दखल घेतल्यावाचून त्याचे मोल कळत नाही. १९६७ साली लिन व्हाइट ह्या अमेरिकन इतिहासकाराने असा आरोप केला की, निसर्गावर आलेल्या आजच्या संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारातच आहे. मनुष्य हा सृष्टीचा स्वामी, ही शिकवण त्यानेच दिली. पोपमहाशय हा आरोप उडवून लावत नाहीत. ख्रिस्ती लोकांनी आपल्या शास्त्राचा कधीकधी चुकीचा अर्थ लावला असे ते कबूल करतात, आणि मनुष्य हा बागेचा मालक नसून तिचा राखणदार माळी आहे, हा अर्थ दुसऱ्या प्रकरणात मांडतात. वादात प्रतिपक्षाचे खरे ते मान्य करून पुढे जाणे हे थोर लेखकाचे लक्षण आहे. हा विचार त्यांनीच प्रथम केला असेही नव्हे. इतर ख्रिस्ती पंथांच्या जागतिक परिषदेने १९८३ साली व्हँकुव्हर येथे न्याय, शांती आणि सृष्टीचे रक्षण ही तीन कार्ये एकत्र गुंफली होती. आणि मराठीपुरते बोलावयाचे तर फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या ठायी ख्रिस्तभक्ती व निसर्गप्रेम ही एकाच घरी नांदली होती.

आता उणिवेकडे वळू. पोपमहाशय यंत्रांचे उपकार मान्य करतात. तथापि यंत्रयुगाच्या वृत्तीविषयीचे त्यांचे तिसरे प्रकरण वाचताना आमच्या डोळ्यांपुढे वालचंदनगर उभे राहिले, आणि आमचे मन पूर्णपणे मान डोलावीना. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला. भाटघरचे आजचे धरण १९२८ मध्ये पुरे झाले. आणि त्यानंतर लवकरच शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी कळंबच्या माळावर साखरेचा कारखाना व त्याभोवती एक गाव वसविले. ज्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली तेथे पाट आणि यंत्र ह्यांनी भाकरी आणली, हे सत्य आहे. दुष्काळ ज्याने पाहिला नाही त्यालाच निसर्ग नेहमी प्रेमळ वाटतो.

परंतु कथेचा उत्तरार्धही तितकाच सत्य आहे. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवावी म्हणून काढलेल्या पाण्यावर पुढे ऊस बसला. बाजरी पावसाळ्याच्या तीन महिन्यांत हाती येते. ऊस बारा ते अठरा महिने उभा राहून पाणी पितो. ह्या ओढीचा बंदोबस्त करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या ह्यांनी नीरेच्या कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचविली. पाणी गटागटाने मोजून द्यावे, पिके पाळीपाळीने फिरवावी आणि अधिक गावांस लाभ पोहोचवावा, हा तिचा हेतू होता. म्हणजे पाणी किती आहे एवढाच प्रश्न नव्हता. कोणी किती घ्यावे आणि कोणी कोठे थांबावे, हाच खरा प्रश्न होता. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाल्यावरही तो सुटला नाही. पाणी फार खाली गेले की इंदापूर तालुक्यात त्या जलाशयातून पळसदेवचे जुने देऊळ वर येते, ते जणू हाच प्रश्न पुन्हा विचारण्यासाठी.

ह्या प्रश्नाचे उत्तर धर्मपत्रात शोधू गेले असता आमची निराशा झाली. पाचव्या प्रकरणात राष्ट्राराष्ट्रांनी संवाद करावा असे सांगितले आहे. सहाव्यात कुटुंबाने पाणी जपून वापरावे, झाडे लावावी, नको तो दिवा मालवावा असा उपदेश आहे. दोन्ही योग्यच. पण राष्ट्र आणि घर ह्यांच्यामध्ये जो गाव असतो, जेथे एकाच पाटावर भरल्या विहिरीचा आणि कोरड्या विहिरीचा धनी शेजारी राहतात, त्याविषयी ग्रंथ थोडेच बोलतो. वाटणीचा प्रश्न निघाला की सद्भाव पुरत नाही, नियम लागतो. आणि नियम आला की कोणाला तरी काही सोडावे लागते. २०२३ च्या 'लाउदाते देउम' ह्या छोट्या पत्रात, आपल्या हाकेस पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही असे पोपमहाशयांनीच खेदाने नमूद केले. त्याचे एक कारण हेच असावे, असे आम्हांस वाटते.

विशेष हे की ग्रंथात जे प्रकरण नाही ते महाराष्ट्रात त्याआधीच लिहिले गेले होते, आणि तेही एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या प्रेरणेने. फादर हर्मन बाखर हे १९२४ साली जन्मलेले स्विस जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले व त्यांनी आपले आयुष्य नगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त गावांत वेचले. त्यांच्या पुढाकाराने भारत आणि जर्मनी ह्यांच्या सहकार्याची पाणलोट विकासाची योजना उभी राहिली, आणि १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो ह्यांच्या साह्याने 'वॉटर' ही संस्था स्थापिली. ह्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. माथ्यापासून पायथ्याकडे यावयाचे. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावरचे बांध. पण चर खणण्याआधी गावाने शपथ घ्यावयाची: श्रमदान करू, कुऱ्हाड चालविणार नाही, मोकाट चराई बंद करू. म्हणजे पैशाआधी त्याग मागितला जाई. फादर बाखर २०२१ मध्ये निवर्तले. त्यांच्या कामाने धर्मांतरावाचूनही धर्म आचरता येतो हे दाखविले.

मात्र समीक्षकाने येथेही डोळे मिटू नयेत. चराईबंदीचा पहिला भार कोणावर पडला? ज्याला जमीन नाही, चार शेळ्या हीच ज्याची इस्टेट, त्याच्यावर. मुरलेले पाणी वर कोठे आले? खालच्या अंगाला, ज्याची विहीर आधीच होती त्याच्या शेतात. ह्या विषमतेची जाणीव ह्या क्षेत्रातील कार्यकर्त्यांस झाली, आणि म्हणूनच पुढे पाण्याच्या ताळेबंदाची व वापराच्या नियमांची भाषा आली. डोंगर हिरवा होणे आणि न्याय होणे ह्या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत.

वसईचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन करीत असतानाच वाड्या, विहिरी आणि हिरवा पट्टा ह्यांच्या रक्षणासाठी 'हरित वसई'च्या चळवळीत उडी घेतली. टँकरांनी उपसलेल्या विहिरी व बांधकामाखाली जाणारी शेते हा तेथील रोजचा अनुभव होता, आणि त्यासाठी सर्व धर्मांचे लोक एकत्र आले. २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ह्याच धर्मगुरूस मिळाले. २०२४ मध्ये ते गेले. वसईतील बांधकाम थांबले असे म्हणता येत नाही. पण चळवळीवाचून जे उरले तेही उरले नसते, असे आमचे मत आहे.

तात्पर्य, धर्मसंस्थेच्या शब्दाचे वजन तिच्या हिशेबवहीवरून ठरते. इंग्लंडच्या चर्चने २०२३ मध्ये तेलाच्या मोठ्या कंपन्यांतून आपला पैसा काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा अनेक प्रवचनांनी जे साधले नसते ते साधले. आणि हा निकष केवळ चर्चला लावून आपण मोकळे होऊ नये. ज्यांच्या चहात नीरेकाठची साखर विरघळते अशा आम्हा पांढरपेशा कुटुंबांसही तो लागू आहे.

नीरेचा डावा कालवा पुरंदर-बारामतीकडून वाहत येऊन इंदापुरात संपतो. कालव्याच्या ह्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास येथे टेलचा शेतकरी म्हणतात, आणि वरच्यांचे भागून उरले तर त्याच्या वाफ्यात पाणी येते. 'लाउदातो सी' हा ग्रंथ अवश्य वाचावा. तो ज्ञानाने समृद्ध आणि अंतःकरणाने उदार आहे. आमची सूचना एवढीच की, तो टेलच्या शेतकऱ्याच्या बांधावर बसून वाचावा. तेथे त्यातील प्रत्येक वाक्याला एक प्रश्न येऊन चिकटतो: हे खरे, पण पाणी सोडणार कोण?