संघाचा ठसा, नगरांच्या खुणा

प्राचीन ग्रीक नाण्यांची चर्चा अथेन्सच्या घुबडापासून सुरू होते आणि बहुधा सिराक्यूजच्या रथापाशी संपते. अनेक नगरांनी एकत्र येऊन उभारलेल्या संघांच्या चांदीच्या नाण्यांकडे कला म्हणून क्वचितच पाहिले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे. संघ जितका एकजीव झाला तितकी कारागिराची जागा आक्रसत गेली, हे खरे. पण उरलेल्या जागेत त्याने काय केले, तेही पाहायला हवे.

देखणेपणात खाल्किदिकी संघाला तोड नाही. ऑलिंथसच्या पुढाकाराने निघालेल्या या मोठ्या नाण्यांवर एका बाजूला पर्णमुकुट घातलेला अपोलो, दुसऱ्या बाजूला सात तारांचे वाद्य आणि भोवती संघाचे नाव. विषय ठरलेला, तरी केसांची वळणे साच्यागणिक बदलतात. इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने ऑलिंथस उद्ध्वस्त केले आणि ही परंपरा ऐन भरात तुटली. बिओशियाच्या संघाच्या नाण्यांवरील ढालीबद्दल एवढे बोलता येत नाही. ती ओळख पटवते, डोळा खिळवून ठेवत नाही.

आर्केडियाचे नाणे मात्र विलक्षण आहे. स्पार्टाचा पराभव झालेल्या ल्यूक्ट्राच्या लढाईनंतर जन्मलेल्या या संघाने झ्यूसच्या मस्तकामागे तरुण पॅन कोरला: उघडा, खडकावर सैलावून बसलेला. राजकीय घोषणेच्या नाण्यावर इतका निवांत देह दुसरीकडे मला दिसलेला नाही.

इ.स.पू. २८० मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या, पेलोपोनीजमधल्या अकेयन संघाकडे वळले की कला एकदम आटल्यासारखी वाटते. नाणे जेमतेम दीड सेंटिमीटरचे, वजन अडीच ग्रॅमच्या आत-बाहेर. पुढे झ्यूस, मागे पानांच्या वेढ्यात संघाच्या नावातली पहिली दोन अक्षरे एकमेकांत गुंफलेली. कायदे, वजने, मापे, नाणी सगळी एकच, असे इतिहासकार पॉलिबियस अभिमानाने सांगतो, आणि हे नाणे त्याची साक्ष देते. पण भिंग घेऊन कडेकडेने पाहावे. कॉरिंथने पंख असलेला घोडा घुसवला आहे, अर्गोसने लांडग्याचे डोके. इ.स.पू. १९२ मध्ये संघाचा सेनापती फिलोपीमेन याने स्पार्टाला संघात ओढले. त्या स्पार्टाच्या नाण्यावर अक्षरांच्या दोन्ही अंगांना जुळ्या देवांच्या दोन टोप्या आहेत. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एका मानी नगराने आपले नाव राखले. मोठ्या चेहऱ्याच्या कौतुकात गुंतलेल्या समीक्षेला हे कोरीवकाम दिसत नाही.

इटोलियन संघाने वेगळी वाट धरली. इ.स.पू. २७९ मध्ये डेल्फीवर चालून आलेल्या गॉलांना परतवल्यावर, जिंकलेल्या ढालींच्या राशीवर बसलेली इटोलिया त्यांनी नाण्यावर आणली. रचना भारदस्त आहे, पण विजयाचा आवाज जरा चढाच लागला आहे.

अकेयन नाण्यांवरचा झ्यूस पुढे पुढे ओबडधोबड होतो आणि अभ्यासक त्याचा दोष थकलेल्या संघाला देत आले. नाणेअभ्यासक मार्गारेट थॉम्पसन यांनी १९६८ च्या अभ्यासात ही नाणी रोमने इ.स.पू. १४६ मध्ये संघ मोडण्याआधीची मानली होती. नंतर ख्रिस्टोफ बोरिंगर आणि जेनिफर वॉरन यांनी त्यातली काही थेट इ.स.पू. पहिल्या शतकात ओढली. हे मत मला पटते. ते मान्य केले, तर त्या ओबडधोबड चेहऱ्यांचा हिशेब रोमच्या अमलाखालच्या पेलोपोनीजच्या खात्यावर मांडावा लागेल, आणि अकेयन संघाच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून ती नाणी पुढे करता येणार नाहीत.