आज्ञावलीची तुलनापद्धती आणि पाठचिकित्सा : एक टिपण

संगणकाच्या आज्ञावल्या तपासण्याची साधने साहित्यकृतींना लावून पाहण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. हंट आणि मॅकिलरॉय यांनी बेल लॅब्जच्या १९७६ च्या अहवालात विशद केलेली ‘डिफ’ ही त्यांतील सर्वांत साधी पद्धती होय. दोन मजकुरांत क्रम न बदलता जुळणाऱ्या जास्तीत जास्त ओळी शोधावयाच्या. उरेल तो बदल. बेन फ्राय यांनी डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या सहा आवृत्त्यांतील (१८५९ ते १८७२) बदल २००९ मध्ये अशाच दृष्टीने पडद्यावर मांडले. तो प्रयोग साधला, कारण लेखक एक, आवृत्त्या छापील आणि त्यांचा क्रम निश्चित.

महाभारताच्या पोथ्यांबाबत यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीसाठी (आदिपर्व, १९३३) विष्णु सीताराम सुकथनकर यांनी अवलंबिलेली रीत येथे स्मरणीय ठरते. आखीव तावाच्या माथ्यावर प्रचलित पाठातील श्लोक लिहावयाचा आणि प्रत्येक पोथीला नेमून दिलेल्या ओळीत तिचे पाठभेद अक्षरागणिक त्या त्या रकान्यात नोंदवावयाचे. ‘डिफ’ दोन मजकूर ताडून पाहते. हा ताव अनेक पोथ्या एकत्र समोर ठेवीत असे. यंत्राची नवलाई सांगणाऱ्यांनी तो एकदा पाहावा.

खरी अडचण तुलनेत नाही, निर्णयात आहे. २००५ मध्ये आलेल्या ‘गिट’सारख्या प्रणालीत प्रत्येक बदलाचा पूर्वज नोंदलेला असतो, दोन शाखांचा संगमही नोंदलेला असतो. लेखनिकाने दुसरी पोथी शेजारी ठेवून दुरुस्ती केली, तर त्याची नोंद बहुधा कोठेच सापडत नाही आणि वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. पाठ भिन्न आहेत एवढेच यंत्र सांगते. प्राचीन कोणता, हे नाही. शिवाय आज्ञावलीतील नक्कल शोधणारी कित्येक साधने चलांची नावे बदलली तरी दोन उतारे एकच मानतात. त्या न्यायाने ‘अर्जुन’च्या जागी ‘कौन्तेय’ आल्यास फरक शून्य! पाठचिकित्सकाला मात्र नेमका हाच फरक पोथीचे कूळ सुचवू शकतो.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या काही विद्यार्थी-प्रकल्पांत साम्याची टक्केवारी हाच निष्कर्ष म्हणून दिला होता. मार्गदर्शकांनी अशा विद्यार्थ्यांकडून निदान दहा श्लोकांचा ताव हाताने भरून घ्यावा आणि प्रत्येक पाठ का स्वीकारला, हे लिहवून घ्यावे. टक्केवारी त्यानंतर.