‘अलिगढ’ : एक चिकित्सा
हंसल मेहता दिग्दर्शित ‘अलिगढ’ (2015) हा चित्रपट अलिगढ मुस्लिम विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या शोकांतिकेवर आधारित आहे. 8 फेब्रुवारी 2010 रोजी घरात घुसून त्यांचे खाजगी क्षण चित्रित केले गेले. विद्यापीठाने निलंबित केले ते सिरस यांनाच. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते मृतावस्थेत आढळले.

मनोज वाजपेयी यांनी साकारलेले सिरस चळवळीचे नायक नसून कविता व जुन्या गाण्यांत रमणारे गृहस्थ आहेत, हे चित्रपटाचे बलस्थान होय. मात्र मृत्यूनंतरचा पोलीस तपास पुराव्याअभावी का थांबला, याची चिकित्सा तो करीत नाही. निलंबनाचा आदेश संस्था काढते; त्यास बळ सहकाऱ्यांचे मौन देते. म्हणूनच अध्यापकांनी हा चित्रपट पाहणे अगत्याचे वाटते.