टिपणे

पुस्तकाचे परीक्षण लिहिले जाते, नाटकाचे लिहिले जाते. छायाचित्राचे मात्र 'फार छान आले आहे' एवढ्यावर भागते. त्यातही छायाचित्र पक्ष्याचे असेल, तर तेवढेही बोलावे लागत नाही. पक्षी मुळातच सुंदर असतो आणि त्याच्या सौंदर्याचे श्रेय छायाचित्रकाराच्या पदरात आपोआप पडते. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने गेल्या जानेवारीत राजस्थानातील भरतपूर येथे आठवडाभर मुक्काम करून काढलेली चाळीस छायाचित्रे आम्हांस पाहावयास दिली. त्यांतील बारा निवडून दिनदर्शिका छापावी, असा त्याचा मानस होता. 'फादर, छान आहेत एवढेच म्हणू नका,' असे त्याने बजावलेही होते. आमचे मत आम्ही त्याला तोंडी सांगितले. ते त्याला पटले नाही. तेव्हा त्याच्याच संमतीने ते येथे मांडत आहोत.

प्रथम गुणांविषयी. या तरुणाची चिकाटी विलक्षण आहे. चोचीत मासा धरलेला खंड्या, शेपटीच्या सुया पाण्याबाहेर रोखलेले तलवार बदक, पंखांवर गुलाबी शाईचा हात फिरावा तसा चित्रबलाक: प्रत्येकाचा डोळा लख्ख आहे आणि डोळ्यात प्रकाशाचा ठिपका आहे. थापट्या बदकाच्या फावड्यासारख्या चोचीवरून ओघळणारा थेंबसुद्धा सुटलेला नाही. कडाक्याच्या थंडीत आणि दाट धुक्यात, बोटे बधिर झालेली असताना हे साधणे सोपे नव्हे.

पण चाळिसांपैकी एकोणचाळीस चित्रे एकापाठोपाठ पाहिल्यावर आमच्या मनात एक अस्वस्थता उरली, आणि तिचे कारण कळावयास थोडा वेळ लागला. या सर्व चित्रांत पक्ष्याच्या मागे काहीच नाही. पाटी पुसावी तशी एक मऊ, हिरवट धूसरता तेवढी आहे. हा खंड्या भरतपूरचा आहे की भिगवणचा, की एखाद्या प्राणिसंग्रहालयातील, हे चित्रावरून कोणी सांगू शकणार नाही. पासपोर्टच्या फोटोत माणसामागे पांढरा पडदा लावतात, कारण तेथे ओळख पटली की काम झाले. आजच्या पक्षिचित्रणाने तो पडदा उसना घेतला आहे आणि त्यालाच कलेचा निकष मानले आहे. पार्श्वभूमी जितकी पुसलेली, तितकी शाबासकी अधिक!

इतरत्र हे एक वेळ चालून जाईल. भरतपूरला ते चालत नाही, कारण तेथे पार्श्वभूमी हाच खरा विषय आहे. केवलादेव घना नावाचे हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान म्हणजे निसर्गाने आयते दिलेले सरोवर नव्हे. अठराव्या शतकात राजा सूरजमलाच्या काळी अजान बांध घातला गेला, त्यामुळे सखल जमिनीत पाणी साचू लागले. पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी पाळी, दरवाजे आणि पाट बांधून ते पाणी खेळते केले. आजही बाहेरून पाणी आले नाही, तर त्या वर्षी तळी कोरडी राहतात. गंभीर नदीवर वरच्या बाजूस पांचना धरण झाल्यानंतर काही वर्षे नेमके हेच घडले. मग गोवर्धन नाल्याचे व चंबळेचे पाणी आणावे लागले. १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे स्थळ असे माणसाच्या हातावर जगते. ज्या चित्रात ते पाणी, ती पाळ, तो बाभळीचा बेटका नाही, ते चित्र भरतपूरला जाऊन काढण्याचे प्रयोजन काय?

उद्यानात केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी फलक उभे आहेत. कोणत्या साली, कोणत्या पाहुण्यांच्या सन्मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी मारले, याचा हिशेब त्यांवर कोरला आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. पर्यटक त्या फलकापाशी हळहळतात आणि लगेच आज किती जाती 'मिळाल्या' याची बेरीज करतात. आमच्या मराठीत 'टिपणे' हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. पाखरू दाणा टिपते, शिकारी पाखरू टिपतो, छायाचित्रकारही पाखरूच टिपतो, आणि अभ्यासक जे पाहिले ते वहीत टिपून ठेवतो. चौघांची क्रिया एक, पण भूक वेगवेगळी. आमच्या तरुण मित्राच्या चित्रांत कोणती भूक आहे, हा आमचा प्रश्न आहे.

बंदुकीला केवळ नावे ठेवून आम्हांला मोकळे व्हावयाचे नाही. डॉ. सलीम अलींचा पक्षिविद्येतील प्रवेश त्यांनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे झाला, आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्राचे नावही चिमणीच्या पडण्यावरूनच घेतले. (मत्तयच्या शुभवर्तमानापासून शेक्सपियरमार्गे आलेले ते नाव आमच्या वाचकांना ओळखीचे वाटेल. तरुणपणी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवणारे सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर हे येशूसंघीय होते, हेही जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही.) याच भरतपूरला सलीम अलींनी आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली, ती हे पाखरू येथून कोठे जाते हे कळावे म्हणून. तेथे पक्षी हाती येणे ही शोधाची सुरुवात होती. आमच्या समोरच्या चित्रांत तो हाती आला की सारे संपते.

वेगळ्या रीतीने चित्र काढता येते, याला दाखला आहे. मद्रासचे एम. कृष्णन १९९६ साली निवर्तले. हयातभर त्यांनी कृष्णधवल चित्रे काढली, तीही जोडाजोड करून बनवलेल्या कॅमेर्‍याने. त्यांच्या चित्रातील हत्ती आपल्या रानासकट उभा असतो. फांद्या मध्ये येतात, गवत अंग झाकते, आणि म्हणूनच तो हत्ती कोठे तरी राहतो असे वाटते. रंग नसल्याचे आपल्या लक्षातही येत नाही.

भरतपूरच्या चौकटीतून काय काय गळाले, याची यादी मोठी आहे. दोनच गोष्टी सांगतो. १९८२ साली उद्यानात गुरे चारण्यास बंदी झाली. भोवतालच्या गावांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात गावकरी मरण पावले. पुढे सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत माजले आणि त्याने पक्ष्यांचीच जागा व्यापली. म्हैस ही त्या चित्रातील अडगळ नव्हती, हे असे उशिरा कळले. दुसरी गोष्ट सायबेरियन क्रौंचाची. १९६० च्या दशकात हे शुभ्र पक्षी हिवाळ्यात तेथे दोनशेच्या आसपास उतरत. वाटेवरच्या देशांत त्यांची शिकार झाली, ते घटत गेले, आणि २००२ नंतर भरतपूरने त्यांना पाहिले नाही. आता त्यांची छायाचित्रे तेवढी आहेत. ज्यांत पक्षी आणि मागे धूसरता एवढेच आहे, त्यांतून त्यांच्या रूपाखेरीज काही कळत नाही. ते किती खोल पाण्यात उभे राहत, शेजारी कोण असे, कोणते कंद उकरत, हे ज्या चित्रांत आले आहे त्यांचेच मोल आज अधिक आहे.

येथे आमचीही एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही चार धर्मगुरू तेथे गेलो होतो. सायकलरिक्षावाला स्वतः जाणकार. प्रत्येक पक्ष्याचे नाव त्याला मुखोद्गत होते. पाळीवर उभे असता आमच्यापैकी एकाने, बदके उडावीत आणि चित्र साधावे म्हणून, जोराने टाळी वाजवली. शेकडो थापटे आणि तलवार बदके एकदम उठली. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला हिवाळ्यात परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवावयाची असते, अकारण उडविल्याने ती खर्ची पडते, हे आम्हांस वाचून ठाऊक होते. आम्ही काही बोललो नाही. रिक्षावाल्याने मान फिरवली आणि परत येईपर्यंत एकाही पक्ष्याचे नाव सांगितले नाही. ते चित्र मात्र अप्रतिम आले. धर्मगुरुनिवासाच्या दिवाणखान्यात ते अनेक वर्षे लटकत होते आणि आल्यागेल्याने त्याचे कौतुक केले.

आता चाळिसावे चित्र. तरुणाने ते चुकून गठ्ठ्यात आले असे म्हणून मागे घ्यावयास हात पुढे केला होता. पहाटेचे धुके. जवळ पाण्यात गुडघाभर उभी असलेली नीलगाय, तिच्यापलीकडे पट्टकादंबांची एक ओळ, इतकी दूर की डोक्यावरचे काळे पट्टे असावेत असे केवळ वाटते. उजवीकडे पाळीवर सायकलरिक्षा आणि घोंगडी पांघरून हातांवर फुंकर घालणारा तिचा चालक. कोठेही डोळा लख्ख नाही. वरची निम्मी चौकट नुसते धुके आहे, आणि खालच्या कोपर्‍यात कॅमेर्‍याची दोरी आली आहे, तो दोष आम्हीही नाकारीत नाही. पण या चित्रात थंडी आहे, अंतर आहे, वाट पाहणे आहे. आणि पक्ष्यांना आपल्यापासून दूर राहण्याची मुभा आहे. तांत्रिक दृष्ट्या सर्वांत कच्चे असलेले हे चित्र आम्ही एकोणचाळिसांच्या वर ठेवतो.

तरुण हसला. 'फादर, हे जानेवारीच्या पानावर छापले तर कोण विकत घेईल?' या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दिनदर्शिका छापून झाली. जानेवारीवर मासा धरलेला खंड्या आहे आणि प्रती बर्‍या खपल्या. धुक्याचे चित्र आम्ही मागून घेतले. दिवाणखान्यातील ते उडत्या बदकांचे चित्र उतरवून त्याच खिळ्यावर हे लावले आहे. परवा बाप्तिस्म्याची नोंद करण्यास आलेली एक आजी बराच वेळ त्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारले, 'फादर, हे पाणी कुठले? आणि हा बिचारा कोणाची वाट बघतो?'