नवं गुगल ॲनालिटिक्स आणि तुमच्या प्रबंधातला आलेख



ऑनलाइन शिक्षण, मराठी ई-साहित्य, शेतीविषयक पोर्टल, ग्रंथालयांची संकेतस्थळं अशा विषयांवर सिनॉप्सिस लिहायला घेतला, की पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास येतं : ‘भेटींची आकडेवारी गुगल ॲनालिटिक्सवरून घेतली आहे.’ गाईड ते वाचून पुढे जातात, आपणही जातो. पण या एका नावाखाली दोन वेगळी मोजयंत्रं होऊन गेली आहेत. पहिलं बंद झालं, दुसरं चालू आहे, आणि दोघांचे आकडे एका रेघेवर मांडता येत नाहीत. आज या दुसऱ्या यंत्राबद्दल, आणि खरं तर ते ज्या पद्धतीने आपल्या हातात दिलं गेलं त्याबद्दल लिहितोय. मार्केटिंगवाल्यांनी यावर भरपूर लिहिलंय. संशोधकाच्या बाजूने बघणारं मराठीत फारसं दिसत नाही.

आधी थोडा इतिहास, भराभर. गुगलने २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲनालिटिक्स फुकट उपलब्ध करून दिलं. २०१२ मध्ये ‘युनिव्हर्सल ॲनालिटिक्स’ ही आवृत्ती जाहीर झाली. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं, वापरलेलं ते हेच. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गुगल ॲनालिटिक्स ४’ आलं. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालं की युनिव्हर्सल बंद होणार. १ जुलै २०२३ पासून फुकट खात्यांमध्ये युनिव्हर्सलने नवा डेटा घेणं थांबवलं आणि १ जुलै २०२४ पासून जुना डेटा बघण्याची सोयही काढून घेतली. जुन्यातला डेटा नव्यात आणायची सोय नव्हती. ज्याला हवा असेल त्याने मुदतीत उतरवून घ्यायचा, एवढाच मार्ग.

आता मुद्द्यावर येऊ. ‘बाऊन्स रेट’ हा शब्द घ्या. जुन्या यंत्रात त्याचा अर्थ साधारण असा होता : वाचक आला, एकच पान उघडलं, दुसरी कुठलीही नोंद न होता निघून गेला, की तो बाऊन्स. त्याने ते पान आठ मिनिटं मन लावून वाचलं तरी बाऊन्सच, आणि वेळ शून्य. कारण जुनं यंत्र वेळ मोजायचं ते दोन नोंदींमधल्या अंतरावरून. दुसरी नोंदच नसेल तर अंतर कुठून काढणार? नव्या यंत्रात हिशेब उलट बाजूने सुरू होतो. वाचक दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा त्याने दोन पानं पाहिली, किंवा आपण महत्त्वाची म्हणून ठरवलेली एखादी कृती केली, की ते ‘एंगेज्ड सेशन’. यातलं काहीच न झालेली उरलेली सेशन्स म्हणजे बाऊन्स.

एक काल्पनिक हिशेब करून बघा. समजा १०० सेशन्स झाली. ३० मध्ये वाचकाने दोन किंवा जास्त पानं पाहिली. ७० मध्ये एकच पान पाहिलं, पण त्या ७० पैकी ५० वाचक दहा सेकंदांच्या पुढे थांबले. जुन्या यंत्राचा बाऊन्स रेट ७० टक्के. नव्याचा २० टक्के. वाचक तेच, लेख तेच, दिवसही तोच. आता हा आकडा प्रबंधात कसा दिसेल ते डोळ्यांपुढे आणा : ‘संकेतस्थळाची पुनर्रचना केल्यानंतर बाऊन्स रेट ७० वरून २० टक्क्यांवर आला, म्हणजेच वाचकांचा प्रतिसाद लक्षणीयरीत्या वाढला.’ टी-टेस्ट लावली तर पी-मूल्यही देखणं येईल. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, ‘मोजमाप कशाने केलं?’, की सगळी इमारत खाली.

माझी खरी तक्रार इथे आहे. नवी व्याख्या वाईट आहे असं मी म्हणत नाही. आठ मिनिटं वाचणाऱ्याला ‘टिकला नाही’ म्हणणं विचित्रच होतं आणि नवी व्याख्या त्यापेक्षा शहाणी आहे. पण मग तिला नवं नाव द्यायचं! ॲनालिटिक्स ४ आलं तेव्हा त्यात बाऊन्स रेट नव्हताच, ‘एंगेजमेंट रेट’ होता, आणि ते योग्य होतं. वापरणाऱ्यांना जुना शब्द हवा होता, म्हणून २०२२ मध्ये तो परत आणला, पण आतला अर्थ बदलून. लोकांना ओळखीचं वाटावं यासाठी जुनी पाटी नव्या दुकानावर लावण्याचा हा प्रकार. धंद्याच्या दृष्टीने समजू शकतो. मोजमापाच्या दृष्टीने याच्याइतकं घातक दुसरं काही नाही, कारण नाव वेगळं असतं तर निदान तुम्ही थबकला असता.

‘युझर्स’चंही तसंच. जुन्या अहवालात या मथळ्याखाली एकूण वापरकर्ते असायचे. नव्यात त्याच शब्दाखाली ‘सक्रिय’ वापरकर्ते असतात. जुन्यात मध्यरात्र उलटली की सेशन तुटायचं. रात्री ११:५० ला वाचायला बसलेला विद्यार्थी १२:१५ ला उठला तर दोन सेशन्स. नव्यात एकच. (खातं उघडताना कुणी टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहू दिला असेल, तर त्याची ‘मध्यरात्र’ आपल्या दुपारी साडेबारा किंवा दीड वाजता यायची. जेवणाच्या सुट्टीत वाचणाऱ्यांचा हिशेब कसा होत असेल, कल्पना करा.) शिवाय नव्या यंत्रात वापरकर्ते आणि सेशन्स यांचे पडद्यावरचे आकडे सांख्यिकी अंदाजाने काढलेले असतात, एकेक मोजलेले नाहीत. अंदाज बऱ्यापैकी अचूक असतो, पण ‘४१२ वापरकर्ते’ असं लिहिताना तो अंदाज आहे हे आपल्याला माहीत असायला हवं.

विज्ञान शाखेतून आलेल्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. हवामान केंद्रावर पर्जन्यमापक बदलायचा असेल तर जुना आणि नवा किमान वर्षभर शेजारी-शेजारी चालवावेत असा संकेत आहे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही ऋतूंत दोघांत किती फरक पडतो ते कळतं आणि मग जुन्या नोंदी नव्याला जोडता येतात. संकेतस्थळांनाही ऋतू असतात. कॉलेजच्या संकेतस्थळावर प्रवेशाच्या आणि निकालाच्या दिवसांत उसळी, दिवाळीच्या सुट्टीत शांतता. म्हणजे इथेही पूर्ण वर्षाची जोड हवी.

गुगलची बाजूही सांगायला हवी. मार्च २०२२ ते जुलै २०२३ म्हणजे पंधरा महिन्यांहून अधिक काळ मिळाला होता. ज्याने घोषणा वाचून लगेच दोन्ही यंत्रं जोडली, त्याला वर्षभराची जोड मिळाली. पण जोडायचं कुणी? कंपन्यांमध्ये त्यासाठी पगारी माणूस असतो. तालुक्याच्या वाचनालयाचं, शाळेचं, एखाद्या हौशी संपादकाचं संकेतस्थळ चालवणाऱ्याकडे तसं कुणी नसतं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यासाठी मार्च २०२३ पासून गुगलने स्वतःच नवं खातं तयार करायला सुरुवात केली. सोय म्हणून चांगली, पण त्यातून जोड मिळाली ती फार तर चार महिन्यांची. तीही उन्हाळ्यातली!

आणि काय गेलं ते बघा. २०२० आणि २०२१. शाळा बंद, वर्ग मोबाईलवर, गावोगावच्या शिक्षकांनी स्वतःचे ब्लॉग काढून त्यावर स्वाध्याय टाकले, त्या काळातल्या भेटींची नोंद बहुतांशी युनिव्हर्सलमध्ये झाली. ज्यांनी मुदतीत उतरवून घेतली नाही त्यांची ती नोंद १ जुलै २०२४ ला संपली. ‘टाळेबंदीतलं ग्रामीण महाराष्ट्रातलं ऑनलाइन शिक्षण’ हा विषय घेणारा विद्यार्थी आज प्रश्नावल्या भरून घेईल, मुलाखती घेईल. पण कुठलं पान किती वाजता किती जणांनी उघडलं हे त्याला माणसांच्या आठवणीतून मिळणार नाही.

हे वेगळ्या पद्धतीने करता येतं का? येतं, आणि उदाहरण आपल्या रोजच्या वापरातलं आहे. विकिपीडियाच्या पानांच्या भेटी मोजण्याची पद्धत २०१५ मध्ये बदलली. जुनी मोजणी डिसेंबर २००७ पासूनची होती. तिच्यात यंत्रांच्या, म्हणजे बॉट्सच्या भेटीही मिसळलेल्या असायच्या. नव्या मोजणीत त्या वेगळ्या काढल्या. पण जुनीला ‘पेजकाउंट्स’ आणि नवीला ‘पेजव्ह्यूज’ अशी नावं वेगळी ठेवली, जुनी ऑगस्ट २०१६ पर्यंत सोबत चालू ठेवली आणि दोन्ही मालिका सगळ्यांना उघड्या ठेवल्या. म्हणजे वर्षाहून अधिक जोड आयती तयार. पुढे २०२० मध्ये आणखी काही भेटी स्वयंचलित म्हणून ओळखता यायला लागल्या, तेव्हा त्यांचाही वेगळा रकाना केला. मालिका तिथेही वाकते, पण कुठे आणि का वाकते ते लिहिलेलं आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, त्याचे हे आकडे कुणालाही फुकट मिळतात. पहिल्या प्रकल्पासाठी याच्यासारखा डेटा नाही.

अर्थात तिथेही डोळे उघडे हवेत. ही मोजणी शीर्षकाप्रमाणे होते. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अशा वेळी एखाद्या लेखाचं शीर्षक बदललं, की जुन्या नावाच्या भेटी जुन्या नावावर राहतात आणि नव्या नव्यावर जमतात. एकच शीर्षक घेऊन आलेख काढलात तर जिल्ह्यातला लोकांचा रस एका महिन्यात आटला किंवा एकदम उसळला असं दिसेल. दोन्ही शीर्षकांची बेरीज करायची, आणि तसं लिहायचं.

नावावरून आठवलं, ॲनालिटिक्समधला ‘शहर’ हा रकाना. मी हे लिहितोय ते बेलापूर प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. बेलापूर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर येतं. त्यात रेल्वेचं ‘बेलापूर’ स्टेशन श्रीरामपूर शहरात. माणसांचा इथे गोंधळ होतो, तर यंत्राचं काय? पण गंमत पुढेच आहे. यंत्र शहर ओळखतं ते आयपी पत्त्यावरून, आणि मोबाईल डेटावर असलेल्या माणसाचा आयपी पत्ता अनेकदा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा निघतो. त्यामुळे इथल्या पारावर बसून वाचणारा तुमच्या अहवालात पुणेकर किंवा मुंबईकर होऊ शकतो. नवं यंत्र शहराचा अंदाज काढून आयपी पत्ता टाकून देतं. खासगीपणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण मग तो अंदाज तपासायला तुमच्या हाती काही उरत नाही. ‘ग्रामीण आणि शहरी वाचकांचा तौलनिक अभ्यास’ असं शीर्षक नोंदवायच्या आधी याचा विचार करा. तो रकाना गाव सांगत नाही.

नव्या यंत्राच्या दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. एक, प्रत्येक कृती ‘इव्हेंट’ म्हणून नोंदवण्याची कल्पना. पान उघडणं, खाली सरकवणं, पीडीएफ उतरवणं, सगळं एकाच साच्यात, त्यामुळे ॲप आणि संकेतस्थळ एकत्र अभ्यासता येतं. दुसरी, कच्चा डेटा बिगक्वेरीत पाठवता येतो. पूर्वी ही सोय फक्त पैसे भरणाऱ्या मोठ्या खात्यांना होती, आता फुकट खात्यांनाही आहे, दिवसाला दहा लाख इव्हेंटपर्यंत. तुमच्या अभ्यासातल्या संकेतस्थळाला एवढं भरपूर झालं. कच्चा डेटा हातात असला की व्याख्या तुमची तुम्ही ठरवू शकता, बाऊन्स रेटवर कुणाच्या मर्जीची गरज नाही. मात्र जोडणी केल्या दिवसापासूनचाच डेटा येतो, मागचा नाही. आणि बिगक्वेरीचं बिनपैशाचं सँडबॉक्स वापरत असाल तर तिथले तक्ते साठ दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणून दर महिन्याला स्वतःच्या हार्डडिस्कवर उतरवत राहायचं.

ज्यांचा अभ्यास तीन-चार वर्षं चालणार आहे आणि संकेतस्थळ स्वतःच्या किंवा ओळखीच्या ताब्यात आहे, त्यांनी सर्व्हरचे लॉग जपून ठेवायला सांगावं. जमलं तर मॅटोमोसारखं मुक्त स्रोत साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं. ते दिसायला गुगलइतकं गोंडस नाही, सांभाळायला कष्ट आहेत, पण कुठली आवृत्ती किती दिवस चालवायची हे तुम्ही ठरवता.

पद्धतीच्या प्रकरणातल्या त्या ठरलेल्या वाक्याच्या जागी निदान एवढं यायला हवं : कुठली आवृत्ती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, खात्याचा टाइम झोन कोणता, एंगेज्ड सेशनची सेकंदांची मर्यादा किती ठेवली होती (ती दहापासून साठपर्यंत बदलता येते, त्यामुळे दोन कॉलेजांचे नव्या यंत्रावरचे आकडेही आपोआप तुलना करण्याजोगे ठरत नाहीत), आणि आकडे कुठल्या दिवशी उतरवले. जुन्या-नव्याची जोड असेल तर ती वेगळ्या तक्त्यात दाखवा. नसेल तर दोन आलेख काढा, मध्ये रेघ जोडू नका.

आणि आज घरी गेल्यावर एक काम. ॲनालिटिक्स ४ मध्ये ‘एक्सप्लोरेशन्स’साठीचा सविस्तर डेटा मुळात फक्त दोन महिने ठेवला जातो. सेटिंगमध्ये जाऊन तो १४ महिने करता येतो, फुकट खात्यात त्याहून जास्त नाही. ज्या संकेतस्थळाचा अभ्यास करणार आहात त्यांच्या ॲडमिनला फोन करा आणि ते दोनचे चौदा करून घ्या. परवानगीचं पत्र, गाईडची सही वगैरे नंतर होत राहील.