न मागता आलेला शोधक

हवी ती फाइल हव्या त्या वेळी सापडत नाही, हा शाळेच्या कार्यालयातला नेहमीचा अनुभव आहे. परतवाडा-अचलपूरची शाळा असो की अकोल्याची, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका, गुणपत्रके आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे एकाच संगणकात कोंबलेली असतात. आपल्या संगणकातले आपल्याला शोधून देणारी प्रणाली, म्हणजेच डेस्कटॉप सर्च, ही कल्पना म्हणून उत्तमच आहे. तक्रार आहे ती या प्रणालींच्या वागणुकीबद्दल.

आधी त्यांचे काम समजून घेऊ. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची हा शोधक सर्व फाइलींची करतो. वर्गात करून पाहा. पाठ्यपुस्तकाची दहा पाने दहा विद्यार्थ्यांना वाटून द्या आणि प्रत्येक शब्दापुढे पानाचा क्रमांक लिहायला सांगा. सूची करण्यात अख्खा तास जातो. एकदा ती झाली की शब्द क्षणात सापडतो. मात्र एक पान बदलले की सूचीही बदलावी लागते. संगणकात हे काम अखंड चालते आणि त्याची किंमत प्रोसेसर, मेमरी व हार्डडिस्क मोजतात.

संगणक रिकामा दिसला की शोधक कामाला लागतो. मोठ्या कार्यालयात जेवणाच्या सुटीत हे खपून जाते. शाळेच्या संगणक कक्षात रिकामा वेळ म्हणजे गुरुजी फळ्यावर समजावून सांगतात तेवढाच. मुले पुन्हा कळफलकाकडे वळतात तेव्हा कमी मेमरीचे जुने यंत्र धापा टाकत असते. मध्येच वीज गेली, तर परत आल्यावर काय बदलले याची तपासणी नव्याने सुरू होते.

एवढे करून हाती काय येते? आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका कृतिदेवसारख्या टंकांत टाइप झाल्या. या टंकात मराठी अक्षर साठवलेच जात नाही. साठते ते इंग्रजी अक्षर, आणि पडद्यावर त्याला देवनागरीचे रूप दिले जाते. ‘पद’ हा शब्द फाइलीत आय आणि एन या दोन अक्षरांनी असतो. युनिकोडमध्ये ‘पद’ टाइप करून शोधले तर ही फाइल मिळणार नाही. ‘इन’ हा इंग्रजी शब्द शोधला तर कदाचित मिळेल! युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइली सापडतात, पण शोधकाला शब्द कळतो, अर्थ कळत नाही. ‘शकुंतला’ शोधल्यास कालिदासाची नायिका आणि मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर एकेकाळी धावणारी गाडी, दोन्ही एकाच रांगेत येतात.

मग नको असेल तर काढून टाकावा. इथेच गाडी अडते. असा शोधक एका फाइलीत राहत नाही. त्याचा एक भाग संगणक सुरू होताच आपोआप चालू होतो, दुसरा टपाल किंवा ब्राउझरच्या प्रणालीला चिकटतो, नोंदी रजिस्ट्रीत जातात आणि सूची हार्डडिस्कवर वेगळीच असते. चालू असलेली प्रोग्रॅम-फाइल विंडोज पुसू देत नाही. काढून टाकण्याची आज्ञा यातले काही भाग नेते, काही तसेच ठेवते.

हा सगळा तांत्रिक नाइलाज नव्हता, हे इतिहास सांगतो. गूगलने आपला शोधक ऑक्टोबर २००४ मध्ये आणला. फेब्रुवारी २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावरून शोधण्याची सोय आली. त्यासाठी मजकुराची प्रत कंपनीच्या संगणकांवर जाई. त्यावर जाहीर टीका झाली. सप्टेंबर २०११ मध्ये ही प्रणाली बंद झाली. ऑक्टोबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा शोधक अनेक संस्थांच्या संगणकांवर व्यवस्थापकांना नकळत उतरला आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये तो संगणकप्रणालीचाच भाग होता. गूगलने अमेरिकेत तक्रार केल्यावर जून २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुसरा शोधक निवडण्याची मुभा मान्य केली. पुढे युरोपीय कायद्यामुळे २०२४ मध्ये विंडोजच्या शोधपेटीतून बिंग हटवण्याची सोय झाली, तीही युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती. कायद्याने भाग पाडले की वाट निघते, असाच याचा अर्थ.

शिक्षकांनी याकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. बऱ्याच शाळांत सर्वजण एकाच नावाने संगणक उघडतात. गूगलचा शोधक पाहिलेल्या मजकुराच्या प्रती जवळ ठेवी. मूळ फाइल पुसली तरी प्रत राहू शके. अशा यंत्रावर दहावीच्या मुलाने ‘चाचणी’ हा शब्द शोधला, तर काय समोर येईल याचा विचार करा. दोष मुलाला देता येणार नाही.

तेव्हा काही गोष्टी शाळेनेच ठरवाव्यात. शिक्षक व विद्यार्थी यांची खाती वेगळी ठेवावीत. विंडोजच्या ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये जाऊन कोणते फोल्डर सूचीत आहेत ते पाहावे आणि प्रश्नपत्रिकांचे फोल्डर वगळावे. जुन्या यंत्रावर ‘विंडोज सर्च’ ही सेवा बंद करून ठेवता येते. शोध हळू होतो, पण होतो. नवीन प्रणाली बसवताना आधीच खूण केलेल्या चौकटी वाचूनच पुढे जावे. आणि फाइलीला ‘नवीन१’ऐवजी ‘इयत्ता८_विज्ञान_सहामाही’ असे नाव देण्याची सवय लावावी. ही सवय मुलांनाही लावता येईल, आणि तिला मेमरी लागत नाही.