नाममुद्रा आणि गुरू ग्रंथ

संत नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, ही गोष्ट मराठी वाचकास शालेय वयापासून ठाऊक असते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले, तेव्हा तिचा अभिमानपूर्वक पुनरुच्चारही झाला. परंतु ही पदे ज्या ग्रंथात गेली त्या ग्रंथाचे स्वरूप काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. परप्रांतीयांच्या एका काव्यसंग्रहात आपल्या कवीस स्थान मिळाले, अशाच भावनेने आपण एकसष्ट हा आकडा मोजतो. वस्तुतः तो काव्यसंग्रह नव्हे.

पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. लेखनकार्य भाई गुरदास यांनी केले. पुढे १७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून ग्रंथासच गुरुपद दिले, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. म्हणजे जो ग्रंथ गुरू झाला, तो महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. गुरुद्वारात पहाटे त्याचा ‘प्रकाश’ होतो, रात्री त्यास ‘सुखासन’ दिले जाते, आणि ग्रंथ उघडताच जे पद समोर येईल तो त्या दिवसाचा ‘हुकूम’ मानला जातो. ते पद नामदेवांचे असेल, तर पंढरपूरचा हा शिंपी त्या दिवशी गुरूच्याच अधिकाराने बोलत असतो. आपल्याकडे नामदेव संतशिरोमणी खरे. पण त्यांच्या शब्दास असा अधिकार आपण दिलेला नाही.

या अधिकारातूनच पाठरक्षणाची शिस्त निर्माण झाली, हा समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा होय. गुरूच्या देहास जसा कोणी हात लावीत नाही, तसा ग्रंथाच्या अक्षरासही लावावयाचा नाही. कडव्यांचे आणि पदांचे अंक जागोजाग नोंदलेले असल्यामुळे नवे पद मध्येच घुसविणे दुष्कर होते. त्याहून मार्मिक योजना कर्तृत्वाची. ज्या गुरूंच्या रचना ग्रंथात आहेत, त्या सर्वांनी ‘नानक’ हीच मुद्रा योजिली. तथापि ‘महला’ या शब्दापुढील अंकावरून रचना पहिल्या गुरूंची की पाचव्या, हे तत्काळ कळते. मुद्रा एक, पण कर्ता निःसंदिग्ध!

आता आपल्या गाथेकडे पाहावे. ‘नामा’ ही मुद्रा तेराव्या-चौदाव्या शतकांतील नामदेवांची, तशीच सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याचीही. वेगळा अंक नाही, खूण नाही. परिणामी कोणता अभंग कोणाचा हा वाद अभ्यासकांस अद्याप पुरून उरला आहे. ही शिस्त मराठीस अपरिचित होती असे मात्र नाही. आदिग्रंथापूर्वी वीसच वर्षे, १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी मिसळणाऱ्याचा कठोर शब्दांत निषेध केला. ज्ञानेश्वरीस जे भाग्य लाभले ते नामदेवांच्या गाथेस लाभले नाही; कीर्तनकारांच्या मुखी ती वाढत राहिली.

यावरून ग्रंथातील पदे निर्विवादपणे नामदेवांचीच ठरतात, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. नामदेवांचे निर्याण १३५० सालचे मानतात. तेथून १६०४ पर्यंत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात पदांच्या भाषेवर किती संस्कार झाले असतील! ग्रंथाने जतन केला तो १६०४ सालचा पाठ. मात्र देवळातून उठविलेल्या भक्ताकडे देऊळच फिरल्याची कथा, जी आपण औंढा नागनाथाशी जोडतो, ती ग्रंथातील नामदेवांच्या पदांतही आहे. दोन परंपरांनी एकच आठवण जपावी, हा पुरावा नसला तरी दुर्लक्षिण्याजोगा योगायोगही नव्हे.

श्रद्धा आणि चिकित्सा परस्परविरोधी असतात, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. भोपाळच्या इंद्रपुरीत, जेथे मराठी आणि पंजाबी मुले एकाच बाकावर बसू शकतात, तेथील शिक्षकाने तरी हे विधान पुन्हा तपासून पाहावे. अक्षरास गुरू मानणाऱ्या श्रद्धेने चिकित्सकाच्या हाती स्थिर पाठ दिला. अक्षराविषयी उदार राहिलेल्या आपल्या प्रेमाने त्याच्या हाती गुंता दिला. एकसष्ट पदांचा अभिमान अवश्य बाळगावा. पण ती जपली गेली त्या शिस्तीचे ऋण मान्य करून, आणि ती शिस्त गाथेच्या अभ्यासात आणून.